चुलीमागची भिंत

लोकाच्या भिंती बाई, लिंपता झाली सांज
लेकीच्या भिंतीला ग, हात लावीन मी आज

पंचफुलाच्या कानात आईचा हा आवाज फार जुना आहे. गाण्यातली लेक म्हणजे आपणच, हेही तिला तेव्हा कळत नव्हतं. इस्लापूरच्या अलीकडं, गावाबाहेरच्या वस्तीत त्यांचं घर. पावसाळ्यात वारं फिरलं की सहस्रकुंडाच्या धबधब्याची घरघर कुडाच्या भिंतीपर्यंत यायची. त्या भिंतीसमोर आई, नागुबाई, उकिडवी बसलेली असायची. कोपरापर्यंत माती आणि ओठावर हे गाणं.

"आई, आज का म्हणतीस? आपली भिंत तर काल लिंपून झाली."

"गाण्यातला आज लई लांबचा असतो, माय," नागुबाई म्हणायची, आणि शेणमातीचा गोळा भिंतीला चापट मारून चिकटवायची.

नागुबाई डावरी होती. पाटलाच्या अंगणात मात्र तिला डावा हात वापरायची सोय नव्हती. पाटलीण ओट्यावरून ओरडायची, "नागे, उजव्या हातानं सारव. उलट्या हातानं लक्ष्मी उलटी फिरती." मग आई दिवसभर परक्या हातानं परकं अंगण सारवायची. आवळलेला डावा हात गुडघ्यावर ठेवायची, खोडकर पोराला दटावून बसवावं तसा. घरी आली की तो हात मोकळा सुटायचा. भिंतीवर मातीचे अर्धगोल उमटत जायचे. साऱ्या वस्तीतल्या बायकांच्या बोटांचे अर्धगोल एका अंगाला कललेले, आणि नागुबाईचे दुसऱ्या अंगाला. शेजारचं सगळं पीक उगवतीकडं झुकावं आणि एकच वाफा मावळतीकडं, तसं ते दिसायचं. पंचफुला आंधळी असती तरी तिनं ती भिंत बोटांनी ओळखली असती.

"हितं का डाव्या हातानं करतीस?"

"हे आपलं घर हाय म्हणून."

पंचफुला किनवटच्या वसतिगृहात शिकायला गेली ते बहात्तरच्या दुष्काळाचं साल. आई खडी फोडायला जायची. भेटीचा वार ठरलेला, आणि त्याच वारी नेमकं तिला सुटायला मिळायचं नाही. मग ती भलत्याच दिवशी रेल्वेनं यायची आणि तारेच्या कुंपणाबाहेर उभी राहायची. दुष्काळी कामावर खायला मिळालेली सुकडी पदरात बांधून आणायची आणि तारेतून आत सरकवायची.

"विचारून बघ ना आई. येऊ देतील आत."

"माझ्या पायाला लई माती हाय. मग येईन." आणि ती परत फिरायची. दारातून परत फिरायची तिला इतकी सवय होती की पाठमोरी चालतानाही तिच्या पाठीत राग दिसत नसे.

*

लातूर जिल्हा झाला आणि पंचफुलाचा नवरा साहेबराव उस्मानाबादहून बदलून नव्या कचेरीत आला. तो तिथं कारकून. "नवा जिल्हा, नवी पाटी आन जुनी टेबलं," तो हसून सांगायचा. "टेबलं ट्रकमदी आली, आमी एष्टीनं. टेबलांना बसायला जागा मिळाली हुती." पंचफुलाला औसा रस्त्यावरच्या एका खेड्यात शाळा मिळाली. दोघं एका भाड्याच्या खोलीत राहू लागली. तिथं घरमालकीण नळाखालची घागर मोजायची आणि पाहुणे किती दिवस राहणार ते विचारायची.

दोन-तीन वर्षांनी त्यांनी लातूर गावाच्या कडेला एक जुनं घर घेतलं. तीन खोल्यांचं, माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर सपाट मातीचं छत असलेलं. पुढच्या खोलीचं माळवद पोट सुटल्यासारखं खाली आलेलं, मधल्या खोलीत उंदरांनी गाव वसवलेलं. स्वैपाकघर मात्र धडधाकट होतं. छताला सवणं होतं, धूर जायला ठेवलेलं भोक. त्यातून उन्हाचा एक कवडसा खाली पडायचा आणि दिवसभरात चुलीपासून उंबऱ्यापर्यंत चालत जायचा. पंचफुला पहिल्यांदा आत शिरली तेव्हा ती त्या कवडशात जाऊन उभी राहिली. साहेबरावाला म्हणाली, "एवढं काढायचं न्हाई."

"बरं बाई. ऊन ठिवू, घर काढू."

पुढच्या खोलीवर स्लॅब, मधल्या खोलीवर पत्रे आणि स्वैपाकघराची डागडुजी असं ठरलं. पण पावसानं पाठ फिरवलेली. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, तेही सुतासारखं. पंचफुला सकाळी शाळा गाठायची, दुपारी एष्टीच्या दांड्याला लटकून परत यायची, आणि पदर खोचून नव्या घरी विटा झेलायची. साहेबराव कचेरी सुटली की सायकलच्या दोन्ही अंगांना घागरी बांधून पाण्याच्या शोधात निघायचा. कुणाच्या बोअरवर, कुणाच्या मळ्यात, कधी टँकरवाल्याच्या हातापाया पडून. रात्री दोघं सिमेंटनं राठ झालेल्या हातांनी भाकरी मोडायची आणि एकमेकांकडं बघून हसायची. लग्नानंतर इतकं कधी हसली नव्हती.

महादेवप्पा मिस्त्री तोंडानं फटकळ. एक दिवस थापी आपटून म्हणाला, "साहेब म्हणतात सगळं सिमेंट. मॅडम म्हणतात चुलीमागं माती. मी कुणाचा मिस्त्री?"

"जो पाणी आणील त्याचा," पंचफुला म्हणाली.

"मग साहेबाचाच."

साहेबराव हसला नाही. म्हणाला, "माझ्या मायनं जलमभर लोकाची अंगणं सारवली. पाटलाचं सारवून झालं की मागच्या दारी पदर पसरून उभी राहायची. वरून भाकर टाकायचे. माझ्या घरात शेणामातीला हात लागायचा न्हाई."

"माझ्या बी मायनं सारवली. म्हणून तर म्हणून राहिले. तिला एक भिंत पायजे. आपल्या लेकीची. लोकाची न्हाई."

पाटीतली वाळू उगाच इकडची तिकडं करत तो म्हणाला, "चुलीमागची घे. बाकी माझं सिमेंट."

"ती माझी बी न्हाई. आईची."

"हाव, मामीची. लिहून देऊ का?"

माघात लिंबाजीच्या, म्हणजे तिच्या भावाच्या, पोरीचं नाव ठेवायला ती इस्लापूरकडं गेली तेव्हा आईला हे सांगितलं. नागुबाईनं ऐकलं आणि स्वतःचे हात पुढं धरून बघितले. उलटे, सुलटे. जणू काही उसने दिलेले परत आले होते.

"मंग मी येते तुझ्यासंगं."

"आता नको आई. बसायला जागा न्हाई, प्यायला पाणी न्हाई. छत पडू दे. मग ये, निवांत राहा."

"मी काय छत बघायला येऊ का ग? भिंत तर हुबी हाय न्हवं?"

सगळे हसले. पंचफुलाही हसली. निघताना आई रेल्वेच्या खिडकीशी उभी राहिली आणि गाडी हलल्यावर गाडीबरोबर थोडं चालली. ओठ हलत होते. इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, पण पंचफुलाला ते शब्द पाठ होते.

लेक दिली दूर देशी, मधी रेल्वेचा रूळ
वाटंकडं बघू बघू, डोळ्यात गेली धूळ

*

चैत्रात पुढच्या खोलीचा स्लॅब टाकून झाला आणि त्याच आठवड्यात पंचफुलाला औरंगाबादला शिक्षकांच्या शिबिराला जावं लागलं. स्लॅब टाकला की त्यावर रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर तो तडकतो. साहेबरावानं कुठून तरी एक ड्रम भरून मिळवला होता. तिला एष्टीत बसवताना म्हणाला, "तू निवांत जा. त्या ड्रमाला मी लेकरासारखं सांभाळतो."

गल्ली तेव्हा निम्मी रिकामी होती. पाणी नाही म्हणून शेजारच्या उमादेवी काकूसुद्धा कुलूप लावून लेकीकडं गेल्या होत्या. महादेवप्पाही पाण्यावाचून कामावर येत नव्हता.

ती परतली तेव्हा स्लॅबला एका कडेनं केसासारखी तड गेलेली होती. साहेबराव वर ओली पोती अंथरत होता. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली.

"पाणी कमी पडलं," तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

"ड्रम भरलेला हुता न्हवं?"

"पडलं कमी."

ती स्वैपाकघरात गेली. चुलीमागच्या भिंतीला पुढच्या खोलीचं काढलेलं जुनं दार टेकवून ठेवलं होतं. सागवानी, जाडजूड. त्याच्यापुढं सिमेंटची पोती रचलेली.

"हे हितं का आणलं? माझी भिंत झाकली की."

"पोत्याला ओल लागू ने म्हणून. हितं कोरडं हाय." मग एक पोतं नीट सारत, "राहू दे. त्या भिंतीचं शेवटी बघू."

त्या रात्री तो जेवला नाही. तिनं विचारलं तर कचेरीत साहेबाशी वाजलं म्हणाला. तिनं विश्वास ठेवला. साहेबाशी वाजणं ही त्या कचेरीतली रोजची गोष्ट होती.

मृग कोरडा गेला. आणि मृगातच लिंबाजीचा माणूस निरोप घेऊन आला. ओढ्याच्या डबक्यातलं पाणी पिऊन वस्तीत जुलाब-वांत्यांची साथ आली होती. नागुबाई एका दिवसात गेली. पंचफुला आणि साहेबराव पोचेपर्यंत मातीसुद्धा दिली होती.

तिनं आईच्या कुडाच्या भिंतीला गाल लावला. अर्धगोल मावळतीकडं झुकलेले. बाहेर बाया बसल्या होत्या. कुणीतरी ओवी उचलली, कुणीतरी हुंदक्यात ती सोडून दिली. लिंबाजी तिच्याजवळ येऊन बसला.

"उन्हाळ्यात जरा गप गपच हुती ग. चैतात एकदा नांदेडला जाते, डोळे दाखवून येते म्हणली आन गेली. दुसऱ्या दिशी आली. इचारलं काय म्हणला डागदर, तर म्हणली, दिसतंय मला सगळं."

पंचफुलाला त्यातलं काहीच ऐकू गेलं नाही. तिच्या मनात एकच ओळ फिरत होती, जात्याच्या पाळीसारखी. आईनं माझं घर बघितलं न्हाई.

साहेबराव तिच्या मागं उभा होता. त्यानं नागुबाईच्या भिंतीकडं बघितलं आणि तो बाहेर निघून गेला. बराच वेळ कोरड्या विहिरीच्या कट्ट्यावर बसून होता. बाया म्हणाल्या, जावई किती हळवा ग, पोटच्या लेकावानी रडतोय.

*

घर मात्र थांबत नाही. पत्रे पडले. पुढच्या खोलीत गिलावा झाला. खिडक्यांना निळा रंग लागला. भाड्याच्या खोलीच्या मालकिणीनं शेवटची घागर मोजली आणि दोघं राहायला आली. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो लावला, मेणबत्त्या लावल्या, सगळ्यांनी मिळून त्रिसरण-पंचशील म्हटलं. कचेरीतली माणसं आली, शाळेतल्या बाया आल्या. खिरीचं पातेलं रिकामं झालं.

उमादेवी काकू घरभर फिरून म्हणाल्या, "चांगलं केलंस हं पंचफुला. माहेरचं कुणी आलं न्हाई का? तुझी आई?"

"आई गेली, काकू. तिनं घर बघितलंच न्हाई."

साहेबराव पाहुण्यांना पाणी देत होता. तांब्या हातातून सुटला. दुष्काळातलं पाणी जमिनीवर पसरलं आणि सगळे एकदम "अरे अरे" करत उठले.

मग ते वाक्य घरात राहायला आलं. नवी बरणी फडताळात ठेवताना, सवण्यातून कवडसा आला की, शाळेला निघताना कुलूप लावलं की, पंचफुला म्हणायची, "आईनं बघितलं न्हाई." कधी स्वतःशी, कधी त्याच्याशी. तो ताटावरून उठायचा किंवा सायकल काढायचा. पूर्वी रात्री भाकरी मोडताना दोघं हसायची. आता त्याच स्वैपाकघरात दोघं भिंतीला पाठ लावून दोन टोकांना बसायची, आणि मध्ये सागवानी दार उभं.

एकदा तिचा बांध फुटला. "मीच म्हणले छत पडू दे. मी मेले का न्हाई त्या वक्ताला. पण तुमाला तर समजत हुतं. एका रविवारी जाऊन आणलं असतं तर काय झालं असतं? तुमची माय असती तर आणली असती."

हे खरं नव्हतं, आणि बोलल्याबरोबर तिला ते कळलं. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. तो आता उलट बोलेल म्हणून ती वाट बघत राहिली. तो नुसता म्हणाला, "हाव. आणायला पायजे हुतं." आणि तिचं उष्टं ताट उचलून घासायला नेलं. तिला वाटलं, यापेक्षा त्यानं ओरडायला हवं होतं.

*

थंडीत एका रविवारी महादेवप्पा आपली राहिलेली फळी न्यायला आला. चहा पिताना स्वैपाकघरात डोकावून म्हणाला, "मॅडम, ती एक भिंत लई दिस राहिली. पोती बी संपली आता. गिलावा मारून टाकू का? तुमचं माणूस तर मला दार बी सरकवू देत न्हाई. मागं मी हात लावला तर कसा आला अंगावर! म्हणलं, काय सोनं पुरलंय का?"

"का बरं?"

"त्यालाच इचारा." त्यानं कप पालथा घातला, फळी खांद्यावर घेतली आणि गेला.

साहेबराव पाण्याला गेला होता. पंचफुलानं पालथा कप उचलून मोरीत ठेवला. आज ती भिंत लिंपून टाकायची, असं तिच्या मनानं घेतलं. आई नाही तर नाही. तिच्या नावानं आपण हात लावायचा. परसात पांढऱ्या मातीचा ढीग होता, वर्षभर वाळलेला. तिनं तो पाटीत घेतला, गोठ्यावरून शेण आणलं, मूठभर भुस्सा टाकला. भांडी धुतलेलं पाणी साठवलं होतं ते ओतलं आणि पायानं तुडवायला लागली. चिखल बोटांतून वर आला तसं ओठातून आपोआप बाहेर पडलं, लोकाच्या भिंती बाई. पुढची ओळ तिनं गिळली.

दार जड होतं. तिनं खांदा लावला, पाय रोवले, आणि इंचाइंचानं ते बाजूला सरकवलं. धूळ उडाली. सवण्यातला कवडसा त्या वेळी चुलीपाशीच होता. तो सरळ भिंतीवर पडला.

भिंत लिंपलेली होती.

सगळी नाही. खालून वर, गुडघ्यापासून छातीपर्यंत, उकिडवं बसलेल्या आणि मग उभ्या राहिलेल्या बाईचा हात पोचेल तितकी. माती वाळून भेगाळलेली. तिच्यावर अर्धगोल. ओळीमागून ओळ, एकात एक गुंतलेले, आणि सगळे मावळतीकडं झुकलेले.

पंचफुलाच्या पायाचा चिखल तिथंच थांबला. तिनं भिंतीला हात लावला नाही. नुसती जवळ गेली आणि वास घेतला, जसा लहान लेकराच्या टाळूचा घेतात.

मागं सायकल भिंतीला टेकल्याचा आवाज झाला. घागरी हिंदकळल्या. साहेबराव दारात आला. सरकलेलं दार बघितलं, तिची पाठ बघितली, आणि उंबऱ्यावरच बसला. दोन्ही हातांत घागरी तशाच.

"आई कवा आली हुती?" तिनं न वळता विचारलं.

"तू औरंगाबादला हुतीस."

"कशी आली?"

"रेल्वेनं नांदेड. मग लोहा, अहमदपूर करत एष्टीनं. पत्ता इचारत इचारत आल्या. मी कचेरीत हुतो. दार काढलेलं, घर उघडंच. आल्या आन आत आल्या."

"आत आली?"

"आत आल्या. सगळं फिरून बघितलं म्हणल्या. वर स्लॅबवर बी चढून आल्या. सवणं बघितलं. म्हणल्या, पंचीला हे आवडलं आसंल."

पंचफुला वळली. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते साहेबरावाला बघवेना. ती हसत होती. डोळे भरून वाहत होते आणि ती हसत होती, विटा झेलायच्या दिवसांतल्यासारखी.

"बघितलं! अहो, आईनं माझं घर बघितलं! आन तुमी मला सांगितलं न्हाई? मी मेल्यावानी झाले, आन तुमी..." तिला राग आणायचा होता, तो येत नव्हता. "डाव्या हातानं केलंय बघा. उजव्यानं न्हाई. डाव्या हातानं! तुमाला ठाव हाय का, ती डावा हात फक्त..."

"माहीत न्हवतं. त्यांच्या घरची भिंत बघितली तवा कळलं."

"मग का लपवलं?"

"त्यांनीच सांगितलं हुतं. एष्टीत बसताना. पंचीला सांगू नका, उगं तळमळंल."

"आसंच म्हणंल ती. आसंच." तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा भिंतीकडं वळली. आता तिनं हात लावला. एकेका अर्धगोलात आपली बोटं घालून बघू लागली. आईची बोटं जाड होती, तिची त्यात सैल बसत होती. ती वर वर सरकत गेली. छातीच्या उंचीला अर्धगोल संपत होते. शेवटचा पुरा झालाच नव्हता. वळणावर येऊन बोटं खाली घसरली होती. चार ओरखडे सरळ जमिनीकडं गेलेले.

तिचा हात तिथं थांबला.

"आशी मधीच का सोडली?"

त्यानं पायाच्या अंगठ्यानं उंबऱ्यावरची माती खरवडली.

"अहो, इचारून राहिले. आई काम अर्धं सोडत न्हवती. तापानं फणफणली तरी पाटलाचं अंगण अर्धं टाकून आली न्हाई कधी. ही तर लेकीची भिंत. माती संपली का?"

"न्हाई. कालवलेली हुती. पाटीभर."

"मग?"

साहेबरावानं घागरी खाली ठेवल्या. एक नीट बसली नाही, कलंडली, आणि पाणी उंबऱ्यावरून आत पंचफुलाच्या चिखलभरल्या पायांपर्यंत आलं. दोघांनीही ती सरळ केली नाही.

"मी कचेरीतून आलो," तो म्हणाला. "चार दिस झाले हुते टँकर न्हाई. वर स्लॅब तापलेला. येऊन बघितलं तर ड्रम अर्ध्याला गेलेला, आन आतून गाण्याचा आवाज. मी आत आलो. त्या भिंतीला हुत्या. माती कोपरापस्तोर. मला बघून हासल्या. म्हणल्या, जावईबापू, एवढी भिंत माझी हाय म्हणं."

पंचफुला ऐकत होती. बोट अजून त्या अपुऱ्या वळणावर होतं.

"मला त्या दिसल्याच न्हाईत, पंचफुला. मला माझी माय दिसली. पाटलाच्या मागच्या दारी. आन माझ्या घरात शेणमाती. आन पाणी..." त्यानं कलंडलेल्या घागरीकडं बघितलं. "तवापसून रोज म्हणतो, आज सांगतो. तू म्हणतीस आईनं बघितलं न्हाई, मला वाटतं सांगावं, बघितलं, लई निरखून बघितलं. पण मग तू हेच इचारशील. अर्धी का सोडली म्हणशील."

"काय बोललात तुमी तिला?"

कवडसा भिंतीवरून सरकून जमिनीवर उतरला होता.

"मी म्हणलो," साहेबराव म्हणाला, "हे काय पाटलाचं अंगण हाय का, आलं की सारवायला बसायला? उठा. आन त्या उठल्या ग. हात तसाच भिंतीवरून खाली आला, आन उठल्या. पायाला लई माती हाय म्हणल्या, आन बाहीर जाऊन हुब्या राहिल्या."